गनीभाईची कॉफी आणि जहिराचं नाक

बेलापुरात कॉफी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला द्यायची वस्तू. अशा गावात गनीभाई ड्रायव्हर कॉफीवर तास तास बोलायचा आणि बाजारातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. गाडीमालक काकासाहेबांचा ट्रक घेऊन सात वर्षं तो मंगळूरला कांदा पोचवत होता. घाट उतरून अंकोल्याला समुद्र लागला, की गाडी आपोआप हळू व्हायची. समुद्रासाठी नव्हे हो, हॉटेलांसाठी! कुठं दूध पातळ, कुठं पूड शिळी, कुठला मालक सकाळी खुशीत आणि दुपारी खेकसणारा, सगळं त्याला तोंडपाठ. आणि या सगळ्यांच्या वर कुमठ्याच्या अलीकडचे पैमामा. नारळाच्या झापांखाली बसून ते स्वतः बी भाजायचे, स्वतः दळायचे. त्यांच्या कॉफीचं नाव काढलं की गनीभाईचे डोळे चमकायचे.

घरात मात्र डाळ शिजत नव्हती. एकदा त्यानं मोठ्या हौसेनं पैमामांकडची पूड आणली. त्याची बायको जहिरा गुळाच्या चहावर वाढलेली. तिनं पूड, गूळ, दूध सगळं एकत्र खळखळून उकळलं आणि दूध फाटलं. टाकून कसं द्यायचं, म्हणून तिनं ते शेजारच्या गोजरबाईला खोकल्यावर नेऊन दिलं. गोजरबाईचा खोकला थांबला, हे गनीभाईचं दुर्दैव. कॉफी हा काढाच आहे, यावर गल्लीत त्या दिवशी शिक्कामोर्तब झालं.

एकाहत्तर सालच्या दसऱ्याच्या आधी जहिरानं परस्पर काकासाहेबांच्या घरी जाऊन गाऱ्हाणं घातलं. महिन्यातले वीस दिवस नवरा रस्त्यावर. आता गाळप सुरू होतंय, तर त्याला कारखान्याच्या उसावर घाला, संध्याकाळी घरी तरी येईल. काकासाहेबांनी मान्य केलं. कांद्याची ही खेप शेवटची. गनीभाईला कळलं, पण रागवायला तोंड नव्हतं. बिचारीचं चुकलं होतं कुठं? त्यातच क्लीनर गोरक्षचा पाय मुरगळला आणि शेजारची जागा रिकामी झाली. गनीभाईनं संधी साधली. तो जहिराला म्हणाला, "एकदा माझ्यासंगं चल. पैमामाची कॉफी पे. मग खुशाल काढा म्हन."

जहिरानं पोरं वडिलांकडं सोडली. तिचे वडील नूरमहंमद बाजारात फुटाण्याची भट्टी चालवायचे आणि लग्न होईपर्यंत तिनं त्याच भट्टीपुढं बसून चणे भाजले होते. ती गाडीत चढली ती पदर खोचूनच. पुणं गेलं, बेळगाव गेलं. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावायला ती गोरक्षपेक्षा चपळ निघाली. अंकोल्याला पहिल्यांदा समुद्र बघून ती खाली उतरली आणि ओंजळभर पाणी चाखून आली. मग एवढं पाणी आणि पिता येत नाही, म्हणून हळहळली.

गनीभाईला आता दम धरवत नव्हता. पहिल्याच हॉटेलात त्यानं दोन कॉफ्या मागवल्या, स्वतः एक घोट घेतला आणि तिच्या हातातला पेला काढून घेतला. तिची पहिली कॉफी ही नव्हे! पुढच्या हॉटेलात तेच, त्याच्या पुढच्या हॉटेलात तेच. सकाळपासून चहाचा थेंब पोटात नाही आणि हा गडी वास देऊन पेला पळवतोय, म्हणून जहिरा अशी तापली की तिच्याशी बोलायची सोय राहिली नाही. गनीभाई मात्र हसत होता. आता दोनच वळणं, आता एकच.

वळण संपलं आणि त्यानं करकचून ब्रेक मारला. झापांचं छप्पर नव्हतं, बाक नव्हते. गेल्या खेपेनंतर रस्ता रुंद केला होता आणि हॉटेलाच्या जागी खडीचे ढीग पडले होते. त्यानं रस्त्यावरच्या मजुरांना विचारलं. त्यांना मराठी येईना, याला कानडी येईना. हातानं पेला करून दाखवला, तर त्यांनी पाण्याची घागर पुढं केली. शेवटी तो खडीवर मटकन बसला. रस्ता सुटणार होताच. आता सात वर्षांचं बोलणंही बायकोपुढं खोटं ठरणार होतं.

जहिरा गाडीतून उतरली. काहीतरी लागेल असं बोलायला तिचं तोंड उघडलंही होतं, पण ती तशीच थांबली आणि नाक वर करून वास घेऊ लागली.

"कुनीतरी भाजतंय," ती म्हणाली. "चना न्हाई. पर भाजतंय. आन् आता करपंल."

ती नाकासमोर चालत सुटली. मागं गनीभाई. माडांमधून, एका कुंपणाला वळसा घालून ती थेट परसात शिरली. तिथं चुलीवर लोखंडी पिंप फिरवत एक म्हातारा बसला होता. रस्त्यात हॉटेल गेलेले पैमामाच ते! जहिरानं ओळख ना पाळख, आधी त्याला पिंप खाली घ्यायला लावलं. त्यानं दचकून उतरवलं, झाकण काढून आत पाहिलं. बी नेमकं तपकिरी झालं होतं. पैमामांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग मागं धापा टाकणाऱ्या गनीभाईकडं, आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, ही भट्टीवरची बाई कुठून आणलीस? गनीभाईनं अभिमानानं सांगून टाकलं, घरूनच!

मग पितळी पेल्यांतून फेसाळलेली कॉफी आली. जहिरानं फुंकर मारली, एक घोट घेतला. दुसरा घेतला. गनीभाईनं आपल्या पेल्याला हातही लावला नव्हता. तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं पेला रिकामा केला, तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून खाल्ली आणि त्याच्याकडं वळली.

"सात वर्सं तुमी ही एकट्यानंच पेलात?"

गनीभाईनं मान खाली घातली. कॉफी चांगली आहे हे पटवायला तो इतक्या लांब आला होता. हा प्रश्न त्याच्या ध्यानीमनी नव्हता.

जहिरानं पैमामांना आणखी एक पेला मागितला. तो येईपर्यंत ती पिंपातलं बी हातात घेऊन चोळून बघत होती. मग मान वर न करताच म्हणाली, "काकासाहेबांस्नी मी सांगते, ऊस दुसऱ्या कुनाला द्या म्हनून. तुमची गाडी ह्याच रस्त्यावर राहू द्या. पर दर दसऱ्याला गोरक्षला सुट्टी."

गनीभाईनं आपला पेला उचलला आणि एका दमात संपवला. कॉफी पार थंड झाली होती, हे त्याला रिकामा पेला खाली ठेवल्यावरही कळलं नाही.