जीरावन लावलेली बोटे

कुमुदताई शेवडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्या बोटांना जीरावन फासले होते. जीरावन म्हणजे आमच्या इंदुरात पोह्यांवर भुरभुरतात तो आंबट-तिखट मसाला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. किरॅटोकोनस नावाच्या दुखण्याने माझ्या डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा टोकदार होत चालला होता. चष्म्याचे नंबर बदलून उपयोग नव्हता, म्हणून डॉक्टरांनी कडक लेन्स बसवून घ्यायला स्नेहलतागंजातल्या ताईंकडे धाडले होते. आई बरोबर होती. लेन्स राहिली बाजूला, या बाई मुलीच्या नखांत मसाला भरताहेत हे पाहून तिने निघायच्या तयारीने पर्स उचलली.

"बसा हो वहिनी," ताई म्हणाल्या, "मिरची डोळ्यात नाही जाणार. जाऊ नये म्हणूनच तर हे चाललंय."

मग साबणाने हात धुवायचे, स्वच्छ पांढऱ्या टॉवेलने कोरडे करायचे आणि एकेक बोट जिभेला लावून पाहायचे. चव लागली की पुन्हा बेसिनशी. चौथ्या खेपेला माझी बोटे बेचव निघाली. मी मोठ्या ऐटीत लेन्सच्या डबीकडे हात नेला आणि ताईंनी तो वरच्या वर धरला. "ये लो! चाटलेलं बोट डोळ्यात घालणार? चल, फिर से धो." खरी परीक्षा ती होती. त्यांच्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक जण तिथेच नापास झालेला आहे आणि आम्ही सगळे ते अभिमानाने सांगतो.

मी लेन्स घ्यायला गेले आणि काम शिकायला राहिले. त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. ताईंचे वडील कापडगिरणीत कारकून होते. ताई स्वतः लहानपणापासून जाड भिंगांच्या चष्म्याआडून जग पाहणाऱ्या. लेन्स लावून पहिल्यांदा समोरच्या झाडाची पाने सुटी सुटी दिसली, त्याच दिवशी पुढे काय करायचे ते ठरले, असे त्या सांगतात. "मी डॉक्टर नाही, लेन्स बसवणारी बाई आहे," हे वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणतात. शंका आली की पेशंटला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळताना त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

स्वभाव मात्र तिखट. राजेंद्र नगरातल्या एका नवऱ्या मुलीने लग्नासाठी लेन्स करून घेतल्या होत्या. आदल्या रात्री जागरण झालेली ही मुलगी जेवणानंतर डुलक्या घेते आहे, असे कुणीतरी फोनवर सहज बोलले. ताई तडक रिक्षाने कार्यालयात हजर! वधूपक्षाच्या खोलीत शिरून त्यांनी मुलीला हात धुवायला लावले, लेन्स काढवल्या, चष्मा चढवला. "लेन्स घालून झोपायचं नाही म्हणजे नाही. दूल्हा चश्मे में भी पसंद करेगा," असे सगळ्यांदेखत सांगितले आणि मग निवांत बसून श्रीखंडपुरी जेवल्या. त्या मुलीची मुलगी आज आमच्याकडे लेन्ससाठी येते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. त्यात माझी शोभा नाही.

महामारीत शहर कडीकुलपात बसले होते. लेन्समधून विषाणू थेट डोळ्यात शिरतो, असा एक निरोप घरोघरच्या मोबाइलवर फिरत होता. खरे तर लेन्समुळे हा आजार जास्त होतो असे कुणाला आढळले नव्हते. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ताईंना न विचारता मी दवाखान्याच्या नावाने सगळ्या पेशंटना कळवून टाकले : 'पुढील सूचना मिळेपर्यंत लेन्स वापरणे बंद करावे.' ही सूचना मी स्वतः लेन्स घालून टाइप केली, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सविताचा फोन आला. सविता इंदूरजवळच्या सिमरोल गावची, शहरातल्या एका रुग्णालयात नर्स. तिला माझेच दुखणे. तिची नेमणूक साथीच्या वॉर्डात होती.

"दीदी, आपने बोला तो मैंने लेन्स निकाल दी. चश्मे से मॉनिटर का आंकड़ा नी दिखे. मैडम बोल री हैं, नी दिखता तो घर जाओ. यां वैसे ही लोग कम पड़ रिये हैं. क्या करूं?"

मी ताईंना फोन करून सगळे सांगितले. त्या रागावतील अशी अपेक्षा होती, पण त्या रागावल्या नाहीत.

"तुझ्या डोळ्यात आत्ता काय आहे?" त्यांनी विचारले.

"लेन्स."

"मग?"

ताईंनी सविताच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतले आणि आम्हा दोघींना व्हिडिओवर बोलावले. इंदूरकडच्या माणसाच्या सामानात जीरावनाची पुडी सापडतेच. सविताकडेही होती. तिने बोटे माखली, धुतली, कोरडी केली, जिभेला लावली आणि न सांगता पुन्हा बेसिनकडे वळली. सत्तरीच्या ताईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग एका दमात शिकवणी झाली : "साबण-पाणीच. सॅनिटायझरच्या हातानं लेन्सला शिवायचं नाही, डोळा जळेल. नळाचं पाणी लेन्सला नको, डबीत रोज नवं सोल्युशन. ड्यूटी खतम, लेन्स बाहेर. आणि लेन्स म्हणजे काही कवच नाही हं, वरून गॉगल लागणारच. खांसी, बुखार, या आंख लाल, तो लेन्स बंद, चश्मा चालू, और सीधे डॉक्टर के पास. समझी?"

"जी ताईजी."

सविता संध्याकाळी कामावर गेली. मग ताई माझ्याकडे वळल्या. "आता सगळ्यांना दुसरा निरोप लिही. सुरुवात 'माझी चूक झाली' इथून कर."

"ताई, दवाखान्याचं नाव जाईल," मी म्हटले.

"नाव जाऊ दे. डोळे राहू दे."

मी लिहिले. लाज वाटली, पण नाव काही गेले नाही. उलट पेशंटांनी फोन करकरून हात धुण्याचे धडे घेतले आणि ताईंनी पुढचे कित्येक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत घसा बसवून घेतला.

काही आठवड्यांनी ताईंनाच ताप आला. थर्मामीटर लावण्याआधी त्यांनी लेन्स काढल्या आणि कपाटातला जुना, जाड चष्मा चढवला. दुसऱ्यांना सांगितलेला नियम स्वतःला लावायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यांना दाखल करावे लागले, ते नेमके सविताच्या वॉर्डात. सविताचा मला फोन : "दीदी, ताईजी ने पेले मेरी आंखें चेक करी, फिर अपना हाथ दिया सुई लगाने को. पूछ री थीं, डिब्बी कब बदली?" मी हसले, पण फोन दिवसभर हातातून खाली ठेवला नाही.

एका दुपारी ताईंचा डोळा लागला होता. जवळ कुणी नव्हते. त्यांच्या उशाजवळच्या मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सविताने तो पाहिला, धावत जाऊन निसटलेला मास्क नीट बसवला, ताईंना पालथे केले, डॉक्टरांना हाक मारली. आकडा हळूहळू वर आला. हे मला तिने सहज बोलता बोलता सांगितले. "कुछ नी दीदी, दूर से दिख गया."

मी त्या दिवशी खूप रडले. माझा पहिला निरोप तसाच राहिला असता तर सविता सिमरोलला घरी असती. ताई तेव्हा नुसत्या रागावून थांबल्या असत्या तरी तेच झाले असते. त्यांनी माझी चूक माझ्याच हाताने पुसून घेतली, म्हणून आज आपण त्यांचा अमृतमहोत्सव साजरा करतो आहोत.

ताईंना मी हे एकदा बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "जास्त फिलॉसफी नको. सविताची तपासणी राहिलीये, बोलाव तिला."

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि ते निरोगी असो. नजर तेज राहो, श्वास मोकळा राहो आणि जिभेचा तिखटपणाही असाच राहो. तुमच्या शंभरीला पाया पडायला रांग लागेल. पहिली सविता असेल, तिच्यामागे मी. आम्ही हात धुऊनच येऊ, तरी तुम्ही बोटे तपासून घ्या.