वेफरच्या तेलावर चाललेलं इंजिन

घरात नुसता बसून राहिलेला पुरुष मला सहन होत नाही. वसई पूर्वेची केमिकलची कंपनी बंद पडली आणि माझा नवरा आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये असाच बसला. बोलायचा नाही, भांडायचा नाही. मी कितीही चिडले तरी समोरून 'बरं' एवढंच. इतकी वर्षं ज्याने माझ्याशी साध्या आमटीच्या मिठावरून वाद घातला, तो माणूस असा गप्प झालेला बघून मला धडकीच भरली होती.

मग कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याने त्याला हॉटेलच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल कसं करतात ते दाखवलं, आणि गडी उठला. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, निवत आलं की मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. खाली काळपट ग्लिसरीन बसतं, वर पिवळं डिझेल राहतं. ते धुऊन, सुकवून घ्यायचं. पण फ्लॅटमध्ये हे उद्योग केले असते तर सोसायटीने पिंपासकट आम्हालाही खाली नेऊन ठेवलं असतं. म्हणून आम्ही गिरीजला गेलो, माझ्या सासरच्या वाडीत.

वाडी मोठे दीर सांभाळतात. केळी, नारळ, थोडी भाजी. वाडीच्या मागच्या टोकाला अजून विजेची लाइन नाही, तिथे जुनं डिझेल इंजिन पाणी ओढतं. इंजिनाच्या शेजारी पत्र्याची एक रिकामी खोली होती. ती दिरांनी दिली, पण अट घालून. मी माहेरची घाटावरची, त्यांची घरची बोली मला अजून अर्धीच कळते, तरी हे मात्र पुरतं कळलं. जे काय बनवशील ते आधी माझ्या इंजिनात घालायचं. चाललं तर खोली तुझी, नाही चाललं तर मी तिथे खत ठेवणार. खोली गेली की हा माणूस परत फुलपाड्याला येऊन भिंतीकडे बघत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. मग मीच पदर खोचला.

तेल गोळा करणं माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही आणि मला गप्प बसायला जमत नाही. तो स्कूटर चालवायचा, मी मागे रिकामे कॅन धरून. चायनीजच्या गाडीवाला म्हणायचा, मॅडम, ये तो अभी और चलेगा. मी म्हणायची, बाबा रे, याचं डांबर झालंय, अजून कोणाच्या पोटात घालणार आहेस हे? एका वडापाववाल्याला तर मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोरच विचारलं की कढई शेवटची कधी रिकामी केली होतीस. त्याने मुकाट्याने कॅन भरून दिला, वर गरम वडाही दिला. फार मजा यायची मला. घरी आल्यावर दोघांच्या अंगाला भज्यांचा वास. कॅन उघडून नवरा नुसत्या वासावरून सांगायचा की हे अमक्या हॉटेलचं. चुकला की मी चिडवायची, आणि मग तो मागे हटायचा नाही, तासभर वाद घालायचा. तो वाद ऐकताना मला इतकं बरं वाटायचं की कधीकधी मी मुद्दाम खोटं सांगून त्याला चूक ठरवायची.

त्या तेलाचे पहिले घाणे छोटे होते, पण छान उतरले. आता इंजिनात घालायचं, एवढं ठरत होतं, तेवढ्यात जाऊबाई रुसल्या.

जाऊबाई वाडीतल्या कच्च्या केळ्यांचे वेफर तळून विकतात. सगळ्या जगाकडे तेल मागत फिरता आणि घरचं तुम्हाला चालत नाही का, असं त्यांनी मला सुनावलं, तेही माझ्याकडे न बघता. झालं, नवरा विरघळला. लहानपणापासून वहिनीने जे ताटात वाढलं ते त्याने न बघता खाल्लेलं. इंजिनात जायचं ते डिझेल वहिनीच्याच तेलाचं करायचं, असं त्याने तिथल्या तिथे कबूल करून टाकलं. तेल होतंही तसंच, काचेसारखं नितळ. हॉटेलचं तेल तो तडतड थांबेपर्यंत तापवायचा. हे मात्र त्याने गाळलं, कोमट केलं आणि पिंपात ओतलं. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर त्यांच्या तेलातलं पाणी तपासायचं म्हणजे त्यांच्या हाताला नावं ठेवायची, आणि ते आमच्या घरात कोणी करत नाही.

सकाळी झाकण काढलं तर आत साबण. पिवळा, घट्ट, ढवळायचं लाकूड उभं राहील असा. तेलात पाणी राहिलं की असं होतं, एवढं मलाही एव्हाना ठाऊक होतं. नवरा नुसता बघत उभा राहिला. त्याचा चेहरा परत तसाच झाला, कंपनी बंद पडल्यावरचा.

दीर आले. पिंपात डोकावले. नवरा म्हणाला, "चूक माझी. मी तेल तापवलंच नाही."

वहिनीचं नावही काढलं नाही त्याने. माझ्या डोक्यात सणक गेली. मी तोंड उघडणार, तोवर दीर म्हणाले की खत सोमवारी येतंय, आणि चालू लागले.

जाऊबाईंनी पुढे होऊन नवऱ्याला विचारलं की हे पाण्यामुळे होतं का. त्याने मान हलवली. तेव्हा त्या दिरांची वाट अडवून उभ्या राहिल्या. तळण संपलं की वेफरसाठी केलेलं, उरलेलं मीठपाणी त्या निवत्या कढईत सोडायच्या. जळका चुरा पाण्याबरोबर तळाशी बसतो आणि वरचं तेल स्वच्छ दिसतं. कॅन भरताना तळातलं पाणीही आत गेलं होतं. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पाणी माझं आहे. त्याला काय स्वप्न पडणार होतं? परत करेल तो, आणि माझ्याच तेलाचं. खत ओटीवर ठेवा."

या बाईला स्वतःची चूक सांगताना मी लग्नापासून पहिल्यांदाच ऐकत होते. सोमवारी खत ओटीवर उतरलं.

या खेपेला तेल तापवायला जाऊबाई स्वतः चुलीपाशी बसल्या. मी म्हणत होते बस झालं, त्या म्हणत होत्या थांब गं, अजून बोलतंय ते. नवरा आमच्या दोघींमध्ये उभा, आणि कधी नव्हे ते हसत होता.

इंजिनाचं हँडल दिरांनीच मारलं. एकदा, दोनदा. मग इंजिन खोकलं, धूर सोडला आणि धडधडायला लागलं. पाइपातून पाणी आलं आणि पाटातून केळीत शिरलं. धुराला वेफरचा वास. जाऊबाई म्हणाल्या, अहो, मला तर भूकच लागली. दीर मात्र इंजिनाजवळ बसून आवाज ऐकत राहिले, चहाला उठले नाहीत. मी मनातल्या मनात चरफडत होते की बोला हो काहीतरी.

पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि भावाला विचारलं, "परवा परत पाणी सोडायचंय. तेवढं डिझेल देशील मला?"

"देतो की," नवरा म्हणाला.

कंपनी बंद झाल्यापासून सगळ्यांनी त्याला काही ना काही दिलंच होतं. सल्ले दिले, धीर दिला, मी तर शिव्याही दिल्या. त्याच्याकडे मागितलं मात्र कोणीच काही नव्हतं, मीसुद्धा नाही. मी केळीच्या आड गेले आणि पोटभर रडून घेतलं.