आण्णासाहेबांच्या अंगणातली पपई

महानंदाला शेणाची, कुजक्या पाल्याची, न्हाणीमागच्या चिखलाची कधी किळस आली नाही. वांग्यावरची अळी ती चिमटीत धरायची, चिरडायची आणि बोट लुगड्याला पुसून पुढच्या झाडाकडं वळायची. तिची भावजय सारजाबाई पदर नाकाला लावून म्हणायची, "वन्सं, तसल्या हातानं पिठाच्या डब्याला हात लावू नका बाई." महानंदा हसायची आणि हात धुवायची.

मुरूमच्या आठवडी बाजारापासून जवळचं एक गाव तिचं माहेर. नवरा पटकीच्या साथीत गेला, पोरबाळ नव्हतं, सासरच्यांनी तिला जास्त दिवस ठेवून घेतलं नाही. थोरला भाऊ बब्रुवान जाऊन तिला घेऊन आला. तो तिला कधी उणंदुणं बोलला नाही हे खरं. पण घरात तिची जागा कोणती, हेही कधी कुणी सांगितलं नाही. स्वयंपाकघर सारजाबाईचं, शेत बब्रुवानाचं. उरलं ते घरामागचं परडं. तिथं राख, फुटकी मडकी आणि बाभळीचे काटे पडलेले होते. एका उन्हाळ्यात महानंदानं ते सगळं उचलून टाकलं, न्हाणीच्या पाण्याला पाट काढून दिला आणि वाफे केले.

दोन-तीन वर्षांत त्या परड्याचं रूप पालटलं. वांगी, मिरच्या, चुका, शेपू, अंबाडी. कुंपणावर दोडका आणि कारली. दाराशी कढीपत्ता, ओवा, गवती चहा. गल्लीतल्या कुणाच्या पोराला खोकला झाला की बाई अडुळशाचा पाला मागायला तिच्याकडं यायची. बाळंतिणीच्या घरी शेपूची जुडी आपण होऊन जायची. महानंदानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. आणि कोपऱ्यात पपई होती. तुळजापूरच्या यात्रेत कुणीतरी तिला पपईची एक फोड दिली होती; तिच्या बिया ती पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली होती. एकच रोप जगलं. आता त्याच्या गळ्याशी फळं अशी दाटली होती की येणारा-जाणारा कुंपणाशी थांबून वर बघायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. एक दिवस ग्रामसेवकानं चावडीवर सांगितलं, की तालुक्याचे साहेब गावोगाव परसबागा बघत फिरणार आहेत, ज्याची बाग उत्तम त्याला बक्षीस, वर्तमानपत्रात फोटो. गल्लीतल्या बायका महानंदाला म्हणाल्या, "तुझंच नाव येतंय बघ." तिनं वरवर उडवून लावलं, पण त्या आठवड्यात तिनं वाफ्यांच्या कडा पुन्हा लिंपल्या, पिवळी पानं खुडली आणि कुंपणाचे काटे सारखे केले. बसायला एक पाट घासून ठेवला. साहेब आले तर कुठं बसतील, म्हणून.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच आण्णासाहेबांची बैलगाडी दारात थांबली. आण्णासाहेब म्हणजे गावचे मोठे जमीनदार; निजामाच्या काळातही गाव त्यांच्याच शब्दावर चालायचं, आणि राज्य बदललं तरी तो शब्द बदलला नव्हता. गाडीतून त्यांचे दोन गडी उतरले. एकाच्या खांद्यावर टोपल्या, दुसऱ्याच्या हातात कुदळ आणि कुऱ्हाड. ते सरळ परड्यात शिरले.

"काय रं, काय पायजे?" महानंदानं विचारलं.

गड्यांच्या मागून बब्रुवान आला. त्यानं तिच्याकडं न बघताच सांगितलं, "म्याच बोलावलंय त्यांना. साहेबांचं जेवण आण्णासाहेबांकडं हाय. बाग बी तितंच दाखवायची ठरलीया."

"त्यांच्याकडं कुठली बाग? तितं तर म्हशी बांधलेल्या असत्यात."

"म्हणून तर रोपं न्यायला आलेत. एका दिवसाचा तर सवाल हाय, महानंदा. साहेब काय आपल्या गटारातून चालत येणार हायेत व्हय? गावाची इज्जत हाय."

तोवर पहिल्या वांग्याच्या बुडात कुदळ बसली होती. झाड मातीच्या गड्ड्यासकट वर आलं, त्याची जांभळी वांगी हलत राहिली. मग मिरच्या, मग ओवा, मग चुक्याचा अख्खा वाफा. महानंदा कुंपणाला धरून उभी होती. गडी पपईपाशी गेले. त्यांनी बुडाशी उकरून बघितलं. मूळ खोल गेलेलं होतं, निघेना.

"हिला सोडा," महानंदा पुढं झाली. "ही निघायची न्हाय. मरंल ती."

गड्यानं बब्रुवानाकडं बघितलं. बब्रुवानानं मान हलवली. गड्यानं खोडावर कुऱ्हाड घातली.

पांढरा चीक भळाभळा वाहिला. ते फळांनी लगडलेलं खोड त्यांनी प्रेत उचलावं तसं दोघांनी खांद्यावर घेतलं आणि गाडीत आडवं टाकलं. बब्रुवान म्हणाला, "तू बी चल. कसं लावायचं ते ह्यास्नी कळायचं न्हाय."

आणि ती गेली. का गेली, हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. रोपं उन्हात टाकलेली असतील, हाच विचार तिच्या डोक्यात होता.

आण्णासाहेबांच्या अंगणातून म्हशी हलवल्या होत्या, पण त्यांचं मूत अजून जमिनीत मुरत होतं. त्या घट्ट, तुडवलेल्या जमिनीत खड्डे करून महानंदानं आपली झाडं लावली. पपईचं बुडातून तोडलेलं खोड गड्यांनी खड्ड्यात उभं केलं, भोवती दगड ठोकले, वर माती ओढली. आण्णासाहेबांची बायको गिरिजाबाई नवं इरकली लुगडं नेसून ओट्यावर आली आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान दिसतंय!" तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. महानंदाला तेच जास्त टोचलं.

साहेब आले तेव्हा ऊन वर आलं होतं. पानं कडेनं मिटायला लागली होती. महानंदा घागरीनं पाणी घालत होती. साहेब तरुण होते, चेहऱ्यानं भले. त्यांनी पपईखाली उभं राहून वर बघितलं. "वा! आण्णासाहेब, हे तर फारच उत्तम. कोण करतं हे सगळं?"

"घरच्याच करत्यात," आण्णासाहेब म्हणाले. गिरिजाबाई लाजून हसली.

फोटो काढणाऱ्यानं सगळ्यांना पपईखाली उभं केलं. महानंदा घागर घेऊन बाजूला झाली. तेवढ्यात साहेबांची नजर तिच्या मातीनं माखलेल्या हातांकडं गेली. त्यांनी मायेनं विचारलं, "आणि बाई, तुम्ही?"

बब्रुवान खांबाला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली. बोलायला तिला कुणी अडवलं नव्हतं. खोडाला नुसता धक्का दिला असता तरी सगळं उघडं पडलं असतं.

"म्या हितं कामाला असते," महानंदा म्हणाली.

साहेब हसले आणि जेवायला आत गेले.

संध्याकाळी पपईचं खोड आपोआप कलंडलं. फळं फुटून अंगणात पसरली. कच्चीच होती, पांढरी. गडी हसले. गल्लीतल्या बायका, महानंदाचं नाव येतंय म्हणणाऱ्या त्याच, पदरात वांगी आणि मिरच्या भरून घेत होत्या. झाडं तर मरणारच, मग भाजी का वाया घालवायची. एकीनं महानंदाला हाक मारली, "तुला बी घे की गं थोडी!"

घरी सारजाबाईनं त्याच वांग्यांचं भरीत केलं होतं. बब्रुवान मिटक्या मारत जेवत होता. "आण्णासाहेब लई खूश झाले," तो म्हणाला. "पाऊसकाळात पुन्हा लाव. तुझा हात चांगला हाय." त्याच्या ओठाला तेल लागलेलं होतं. ते बघून महानंदा उठली. ती परड्यात गेली आणि त्या खड्ड्यांपाशी भडाभडा ओकली. ओकून झालं तरी तोंडातली घाण जाईना. भावाची शिसारी होती, त्या बायकांची होती. पण "म्या हितं कामाला असते" हे आपल्याच आवाजातलं वाक्य आठवलं की तिला स्वतःचीच जीभ नकोशी व्हायची.

त्या पाऊसकाळात तिनं काही लावलं नाही. बब्रुवानानं मिरचीची रोपं आणून ठेवली, ती तिनं वाळू दिली. आण्णासाहेबांना बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रातला फोटो बब्रुवानानं माजघराच्या भिंतीतल्या देवळीत चिकटवला. महानंदा त्या खोलीत जेवायला बसेना.

शेवटी ती धुरपदाबाईकडं गेली. धुरपदाबाई गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, तोंडानं तिखट. तिच्या घरामागं ओसाड जागा होती आणि खारट पाण्याचा आड.

"काकू, म्या तुमच्याकडं राहू का? जागा साफ करते. तुमचं बी बघते."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊ काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या."

"म्या आंधळी न्हाय. त्या दिशी गाडी माज्याच दारावरनं गेली," धुरपदाबाई म्हणाली. "ये. पर रडायचं न्हाय माज्यापुढं."

खाऱ्या पाण्यावर सगळं येत नव्हतं. मिरची जळाली, वांगी खुरटली. शेवगा आला, अंबाडी आली, कारली आली. गल्लीतल्या बायका पुन्हा कुंपणाशी यायला लागल्या. महानंदा आजारी माणसासाठी पाला द्यायची, बाकीच्यांना म्हणायची, "बाजारातून आणा."

पुढच्या वर्षी पुन्हा बागा बघण्याचं निघालं. आण्णासाहेबांचे तेच गडी आले, आणि त्यांच्यापुढं बब्रुवान. महानंदा कुंपणाच्या दारात उभी राहिली. रस्त्यानं बायका पाण्याला चालल्या होत्या.

"गेल्या साली आण्णासाहेबांच्या अंगणात फोटो काढला ती बाग माजी होती," ती मोठ्यांदा म्हणाली. "ह्यानंच तोडून नेली. माज्या भावानं. आता ह्या झाडाला हात लावला तर म्या तालुक्याला चालत जाईन."

"महानंदा, हळू बोल. माजी इज्जत..."

ती त्याच्या पायाशी थुंकली. गडी एकमेकांकडं बघत माघारी फिरले. बब्रुवानही त्यांच्या मागोमाग गेला. त्या वर्षी आण्णासाहेबांनी पाय दुखतोय म्हणून तालुक्याला निरोप धाडला म्हणे. साहेब गावात आले नाहीत.

धुरपदाबाई वारल्यावर तिचं घर महानंदाकडंच राहिलं. पुढं बऱ्याच वर्षांनी महानंदाला भावाच्या लेकीच्या लग्नाचं आवतण आलं तेव्हा ती गेली. भाचीवर तिचा राग नव्हता. अक्षता टाकल्या, आहेर केला. सारजाबाईनं हाताला धरून तिला पंगतीत बसवलं. बब्रुवान वाढायला आला. केस पिकले होते, हातात बुंदीचं ताट होतं. तिच्यासमोर येऊन तो खाली वाकला.

महानंदानं पत्रावळीवर हात आडवा धरला. तो पुढच्या पानाकडं सरकला.