सोफ्याची मधली जागा

“जाताना काय म्हणाले?” भेटायला येणारं प्रत्येक माणूस हे विचारतं. दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागले, “म्हणाले, जिवाला जप.” ऐकून बायका डोळ्यांना पदर लावायच्या. खरं सांगायचं तर ह्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं स्पीकरबद्दल झालं. सकाळची शिफ्ट होती, डबा पिशवीत गेला होता, एक बूट पायात आणि एक हातात. तसेच मागे वळून म्हणाले, “पुढच्या स्पीकरच्या जाळीला ओलं फडकं लावू नकोस.” मी म्हटलं, “नाही लावत.” बस्स. चाकणला कंपनीच्या बसमधून उतरताना छातीत कळ आली आणि सगळं तिथेच संपलं. इकडे मोशीला फोन आला तेव्हा माझ्या हातात कोरडं फडकं होतं... एवढा संसार केला आणि शेवटचा शब्द त्या जाळीच्या वाट्याला गेला. मला त्याचा राग आहे. दुःख आहेच, ते वेगळं.

हे म्हणजे माझे यजमान, दिगंबर. नाव घेतलं ते उखाण्यात तेवढंच, एरवी ‘अहो’ आणि ‘हे’, तेव्हा इथेही तसंच लिहिते. आम्ही मूळचे लातूरकडचे. लग्नानंतर भोसरीत एका खोलीत राहिलो, लेकीचा, रूपालीचा, जन्म तिथलाच, मग मोशीत फ्लॅट झाला. ह्यांचं काम चाकणला, गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर. हवेवर चालणाऱ्या गनने नट आवळायचे, आठ तास टर्र टर्र. घरी आल्यावर चहा देताना मला आधी ओरडून बोलावं लागायचं, मग हळूहळू ह्यांचे कान घरात यायचे. असा माणूस पुन्हा आवाजाच्याच नादी का लागावा? मी विचारलंही होतं. म्हणाले, “तिथं सहन करतो, शोभा. ऐकायचं ते घरीच.” मला वाटलं, चला, आता माझं ऐकतील. कसलं काय!

हा नाद लावला रफिकभाईंनी. भोसरीत गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवून द्यायचं त्यांचं दुकान. आम्ही तिथे राहायचो तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. एका रविवारी दोघं मोठाले खोके घेऊन दारात उभे राहिले. चेहरे असे की जणू नवरी घेऊन आलेत. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात जाड आवाजाचा वूफर आणि टीव्हीखाली रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे त्या सगळ्यांचा मुकादम, कुणी कधी आणि किती बोलायचं ते तो ठरवतो. सगळ्यांना जागा मिळाली. मागच्या डाव्या स्पीकरला तेवढी मिळेना, कारण तिथे माझं शिलाई मशीन होतं. मी ब्लाऊज शिवते, खिडकीचा उजेड लागतो. “चार दिवस आत ठेवू,” हे म्हणाले आणि मशीन उचलून स्वयंपाकघरात नेलं. ते चार दिवस अजून चालू आहेत. वर माझीच टेप घेऊन दोघं सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजत बसले. पाव इंचाचाही फरक चालत नव्हता. आणि हाच माणूस दर संक्रांतीला बांगड्यांच्या दुकानातून फोन करून विचारायचा, “तुझं माप काय गं?”

मग माइकचा प्रकार. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. जिथे बसून ऐकायचं तिथे तो कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग एकेक स्पीकर फुस्स फुस्स करतो आणि माइकला काय ऐकू येतं त्यावरून रिसीव्हर सगळ्यांचे आवाज जुळवून घेतो. तोवर घर चिडीचूप हवं. सोफ्याच्या मध्यभागी माझा तांदळाचा डबा, त्यावर माझ्या दोन उशा, त्यावर तो माइक. देवाला मी इतकं उंच बसवलं नव्हतं. पंखे बंद केले, फ्रिजची पिन काढली, मला सांगितलं, बांगड्या वाजवू नकोस. मी कुकर आधीच चढवलेला होता. फुस्स फुस्स निम्म्यावर आलं आणि शिट्टी झाली. रफिकभाईंनी कपाळाला हात लावला.

“शोभा, मुद्दाम करायलीस का?” ह्यांनी विचारलं.

“हो, मुद्दाम. वरण नको का शिजायला?”

चिडले असते तर बरं वाटलं असतं, माझ्याकडे लक्ष गेलं असं झालं असतं. हे हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी दुसरी शिट्टी होऊ दिली. तेव्हाही हसले. शेवटी एकदाचं जुळलं, त्या आनंदात फ्रिजची पिन लावायची दोघांनाही आठवण राहिली नाही, आणि सकाळी दूध नासलं. तर म्हणाले, पनीर कर! शेजारच्या काकू म्हणाल्या, “शोभा, तुला सवत आली गं.” त्या हसत होत्या. मी नाही हसले.

त्या दिवसापासून सोफ्याची मधली जागा म्हणजे गादीच झाली. तिथे बसलं की आवाज चहूकडून येतो, हातभर सरकलं की एकीकडे झुकतो, असं ह्यांचं म्हणणं. मग काय, जो येईल त्याला तिथे बसवायचं. कंपनीतले मित्र यायचे, “दिगूभाऊ, हेलिकॉप्टर लावा राव!” म्हणायचे. लढाईचा एक सिनेमा होता, त्यात हेलिकॉप्टर समोरून येऊन डोक्यावरून मागे जायचं. प्रत्येक जण मान वर करून छताकडे बघायचा आणि हे बघणाऱ्याकडे बघून खूश व्हायचे. पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही हेलिकॉप्टर ऐकवून पाठवलं. रूपालीचं लग्न होऊन ती राजगुरुनगरला गेली. पहिल्या दिवाळसणाला जावई आले, तर पाटावर बसवायच्या आधी त्यांना सोफ्यावर बसवलं. मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी आणि जावईबापू छताकडे बघतायत!

मला बोलावलं नाही असं नाही. “शोभा, ये, बस.” मी म्हणायचे, “पोळ्या कोण करील?” “बरं,” म्हणायचे आणि बटण दाबायचे. बरं! बाईने पोळ्यांचं नाव काढलं की पुरुषाने आणखी एकदा विचारायचं असतं, एवढंही ह्यांना कळलं नाही. रफिकभाईंना मात्र हाताला धरून आग्रह. स्वयंपाकघर आमच्या हॉलला लागून, मागच्या बाजूला, मध्ये दार नाही. ओट्याशी उभी राहिले की मला ह्यांचं डोकं मागून दिसायचं आणि दोन्ही बाजूंना ते मागचे स्पीकर, त्यांचीही माझ्याकडे पाठ. इतक्या पाठी बघत मी पोळ्या लाटल्या, मशीन चालवलं. ह्यांच्या कानांत काय जात असेल, चेहऱ्यावर काय होत असेल, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं. मी टक्कल वाढताना पाहिलं.

हे गेल्यावर घरात माणसं झाली. सोफा उचलून आतल्या खोलीत नेला, सतरंज्या पसरल्या, कुणाच्या तरी पायात अडकून वायरी निघाल्या. तेरावा झाल्यावर भाच्यांनी सोफा परत आणून ठेवला तो भलत्याच ठिकाणी, भिंतीला टेकवून. रूपाली म्हणाली, “आई, हे सगळं कुणाला तरी देऊन टाकू. तुझं मशीन परत खिडकीत ठेवू.” एरवी मी पेढे वाटले असते. पण मी म्हटलं, “राहू दे.” तिला काय सांगणार? मला ती मधली जागा हवी होती. ह्यांनी तिथे बसून एवढं काय ऐकलं ते मला एकदा ऐकायचं होतं, आणि आग्रह करायला कुणी नसलं तरी चालणार होतं.

रूपाली सासरी गेल्यावर मी रफिकभाईंना फोन केला. ते दुपारी आले. आल्या आल्या रिसीव्हरवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, मग कामाला लागले. वायरी जोडल्या, सोफा पुढे ओढला. मी म्हटलं, “माइक ह्यांच्या उंचीवर नको. माझ्या उंचीवर ठेवा.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक उशी कमी केली. पंखे बंद झाले, फ्रिजची पिन निघाली. आम्ही दोघं भिंतीशी उभे. फुस्स फुस्स पहिल्याच खेपेला पार पडलं.

“पहिल्यांदाच असं झालं, भाभी,” रफिकभाई म्हणाले. “दिगूच्या वेळी कधी भांडी, कधी मशीन, कधी कुकर. मी किती वेळा बोललो त्याला, किचनला सरकता दरवाजा लाव, सगळी मजा जाते. ऐकायचाच नाही. म्हणायचा, राहू दे रे, दरवाजा लावला तर शोभा घरात हाय का न्हाई तेच कळायचं नाही.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“मला बोलायचा ना.”

बघा! हेसुद्धा रफिकभाईंनाच. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळत राहिले ते वाक्य ह्यांनी भलत्या माणसाजवळ ठेवलं होतं. रफिकभाई चांगले आहेत, जाताना फ्रिजची पिन आठवणीने लावून गेले, पण त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि मधल्या जागेवर बसले. सोफा तिथे थोडा खोल गेलेला आहे. हेलिकॉप्टर लावलं. आधी लांबून घरघर आली, मग ती वाढत कानाशी आली, अंगावर काटा आला, आणि माझीही मान आपोआप छताकडे गेली. इतकं छान असतं हे मला माहीत नव्हतं. अहो, हात धरून ओढून बसवायचं ना एकदा! आवाज डोक्यावरून मागे स्वयंपाकघराकडे गेला, आणि मी त्याच्याबरोबर वळून पाहिलं. ओटा पुसलेला होता. तिथे कुणी नव्हतं. ह्यांना सगळ्या वर्षांत दोन्ही मिळालं, समोर सिनेमा आणि पाठीमागे मी. मला नुसता सिनेमा मिळाला.