बाबांसाठी बिनआवाजाचा डबा

तयार विकत आणलेल्या वस्तूचे किस्से होत नाहीत. स्वतः बनवायला घेतली की ते साचतच जातात. आमच्या येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली सिनेमे बघायचा एक कॉम्प्युटर आहे, पोळ्यांच्या डब्याएवढा. त्याची गोष्ट सांगायला बसलं की पाहुण्यांचा चहा गार होतो.

*

आधी माझ्या नवऱ्यानं, समीरनं, घरातला जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडला होता. माझे बाबा तेव्हा नुकतेच नागपूरहून आमच्याकडे कायमचे राहायला आलेले. कानात नवं मशीन. रविवारी सगळे सिनेमा बघायला बसलो. थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "ह्या सिनेमात सारखा पाऊस काहून पडून राहिला?"

सिनेमा वाळवंटातला होता.

पाऊस डेस्कटॉपच्या पंख्याचा होता. आम्हाला नुसती घरघर यायची, पण बाबांच्या कानातलं मशीन ती मोठी करून संवादांवर ओतायचं. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "तुम्ही बघा, मला झोप येते." त्यानंतर दर रविवारी त्यांना झोप यायला लागली. एकदा मी चहा द्यायला आत गेले, तर बाबा टक्क जागे, भिंतीकडे बघत बसलेले.

बाहेर येऊन समीरला म्हटलं, "आवाज न करणारा कॉम्प्युटर पाहिजे."

"बनवू," तो म्हणाला. "पण बजेटमध्ये."

*

मदतीला शेजारचे महादेवअण्णा आले. मूळचे निपाणीचे, मराठी-कन्नड दोन्ही घरचीच, आणि दिसेल ते यंत्र उघडायची हौस. इथे दुकानांत कन्नड बोलावं लागतं, म्हणून तेच मला मार्केटात घेऊन गेले. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा, पंख्यांनी भरलेला कॅबिनेट पुढे ठेवला. अण्णांनी कन्नडमध्ये समजावलं, आवाज अजिबात नको.

"स्वल्प तर येणारच," दुकानदार म्हणाला.

"स्वल्पसुद्धा नको."

दुकानदारानं विचार केला आणि हळूच काहीतरी सांगितलं. अण्णांनी मला मराठीत ऐकवलं, "मग चालूच करू नका म्हणतोय."

*

शेवटी जुनाच घ्यायचं ठरलं. हेब्बाळला एकजण गाव सोडून चालला होता, त्याच्याकडे ऑफिसात वापरतात तसला छोटा कॉम्प्युटर होता. अण्णांनी तो चालू करायला लावला, जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि डब्याला कान लावला. बराच वेळ हलेचनात. त्या माणसाची आई स्वयंपाकघरातून आली, दाराशी थबकली आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारून गेली.

परतताना मी अण्णांना म्हटलं, "काय म्हणत होत्या?"

"विचारत होत्या की, मुलगा आहे का मुलगी."

*

घरी आणल्यावर कळलं की पंखा शांत आहे, पण आतली हार्ड डिस्क करकरते. समीरनं ती काढून एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क बसवली. बाबा बघत होते. समीरनं त्यांना समजावलं, "बाबा, ह्याच्या आत हलणारं काहीच नाही. तरी सगळं लक्षात ठेवतं."

"म्हणजे माझ्यासारखंच," बाबा म्हणाले, आणि पेपर उघडला.

*

उरलीसुरली घरघरही नको म्हणून समीरनं डबा टीव्हीखालच्या कपाटात ठेवून दार लावलं. त्या रविवारी बाबा हॉलमध्ये येऊन बसले. संवाद ऐकू येत होते. खून कुणी केला हे कळायची वेळ आली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला.

समीर डोकं धरून बसला. मला वाटलं, आता बाबा उठून जाणार. पण ते म्हणाले, "खून डॉक्टरनं केला. सांगू का कसा?" आणि त्यांनी शेवट सांगितला, कोर्टातल्या उलटतपासणीसकट.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या पाठीला भोकं पाडून घेतली आणि खरा शेवट पाहिला. बाबांचा चांगला होता.

*

मागच्या महिन्यात बाबांच्या नागपूरच्या मित्रानं एक पेन ड्राइव्ह पाठवला. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी फार वर्षांपूर्वी एक नाटक केलं होतं, त्याची कॅसेट त्यानं त्यात भरून घेतली होती. नाटकाचं आम्हाला माहीतच नव्हतं.

"तुमचं काम कोणतं?" मी विचारलं.

"मी दिसत नाही. प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहायचं, नट अडला की पुढचं वाक्य पुरवायचं."

दुपारी सगळे बसलो. अण्णाही आले. मी छताचा पंखा बंद केला, अण्णांनी न विचारता फ्रिजचं बटण बंद केलं. चित्र धुरकट होतं, पण आवाज स्वच्छ. दुसऱ्या अंकात नायक खूप वर्षांनी घरी येतो. तो दारात उभा राहिला, आणि उभाच राहिला. ओळ विसरला होता.

मग कुठून तरी, अगदी बारीक, एक तरुण आवाज आला, "आई, मी परत आलोय."

"आई, मी परत आलोय," नायक खणखणीत म्हणाला.

बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि टीव्हीकडे बघून म्हणाले, "हळू. लोकांना ऐकू जाईल."