लियांबा, मकान्या आणि माझी खाली गेलेली मान

अमेरिकेत पीएचडी करताना किस्से आपोआप साठत जातात. आमच्या भाषाशास्त्राच्या डिपार्टमेंटमधले माझ्याकडे भरपूर आहेत. पंचाईत एवढीच, की बहुतेकांत तोंडावर आपटलेली मीच!

*

२००३ साली माझा विषय ठरला: गांजाचे आफ्रिकन शब्द जगभर कसे पसरले. कॉलिंग कार्डवरून नागपूरला फोन लावला. बाबांनी विचारलं, "कशावर करतेयस गं?" जीभच रेटेना. म्हटलं, "शेतीतल्या शब्दांवर."

पुढच्या रविवारी बाबा खुशीत! "आफ्रिकेत कापसाला काय म्हणतात गं? ऑफिसात विचारत होते."

मी एक शब्द ठोकून दिला. बाबांनी तो पाठ केला.

*

जवळच्या शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळात गणपतीला जोशीकाकूंनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मात्र खरं सांगून टाकलं. काकूंनी वाढता वाढता हात थांबवला. "अगंबाई! मग प्रॅक्टिकल्सपण असतात का?"

अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

*

पहिल्या सेमिनारला मी छाती काढून सांगितलं, "पूर्व आफ्रिकेतला 'बांगी' म्हणजे आमची भांग. सगळं आमच्याकडूनच गेलं!"

मागे डोमिंगोस बसला होता. अंगोलाचा, आमच्यातला सगळ्यात अबोल मुलगा. "आणि ब्राझीलमध्ये गांजाला 'माकोन्या' म्हणतात, तो?"

"पोर्तुगीज असेल."

"तो आमच्या किम्बुंदू भाषेतला 'मकान्या'. आमच्या माणसांना गुलाम करून जहाजात कोंडलं, तेव्हा सामान नेऊ दिलं नाही. शब्द तेवढे गेले."

माझी पुढची स्लाइड होती, 'भारताची जगाला देणगी'. आणि मी मूर्खासारखी ती दाखवलीसुद्धा!

*

तरी डोमिंगोसनेच मला मदत केली. त्याची आई अंगोलाहून त्याच्याकडे आली होती. "तिला जुने शब्द खूप येतात. घरी ये," म्हणाला.

मी गेले. टेपरेकॉर्डर, फॉर्म, गळ्यात युनिव्हर्सिटीचं आयडी कार्ड. डोमिंगोस दुभाष्या. मी एकेक प्रश्न वाचत गेले. 'लियांबा' हा गांजासाठीचा शब्द ऐकलाय? घरात कोण ओढायचं? आता कोण ओढतं?

प्रत्येक प्रश्नाला त्या एकच सांगत होत्या, "माहीत नाही." मांडीवरचा रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. मी फॉर्मवर लिहिलं, 'शब्द विस्मरणात गेलेला दिसतो.'

निघताना त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि भराभरा काहीतरी बोलल्या. डोळे भरले होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

डोमिंगोस जमिनीकडे बघत म्हणाला, "ती म्हणतेय, मॅडम, माझा मुलगा साधी सिगारेटसुद्धा ओढत नाही. त्याला परत पाठवू नका."