पेटीतलं स्वयंपाकघर

कार्मेलिना बदली होऊन मालवणहून जामसंड्याला आली ती १९५९ साली, मुलींना शिवण शिकवायला. सुभद्राकाकींच्या पडवीची एक बाजू तिला भाड्याने मिळाली. कोपऱ्यात चूल, भिंतीत एकच कोनाडा, आणि त्यात आधीपासून काकींची लोणच्याची बरणी.

"भिंतीक खिळो मारू नको हां बाई, माती झडता," काकींनी सामान उतरायच्या आधीच बजावलं.

मग तवा, टोप, गाळणी, कप, झारा, किसणी, आमटी वाढायची दवली ठेवायची कुठे? कार्मेलिनाला युक्ती सुचली. आढ्याला सुंभाने एक बांबू आडवा टांगला, मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून आकडे केले आणि सगळं त्यांवर लटकवलं. खर्च शून्य. या हुशारीने ती इतकी फुगली, की महिला मंडळात उभी राहून शुद्ध मराठीत बोलली, "भगिनींनो, जागा कमी असते असं नाही, कल्पकता कमी असते." बायकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष रुक्मिणीवहिनी म्हणाल्या, "येत्या रविवारी आम्ही बघूक येतो."

एक गोष्ट तिने भाषणात सांगितली नाही. ती उंच होती आणि बांबू कपाळाच्या रेषेत होता. चुलीकडे वळलं की तवा कपाळावर. दवली काढायला गेलं की बाकीचं सगळं खणखणायचं आणि पलीकडून काकी विचारायच्या, "बाई, आरती झाली काय?" रोज रोज ते ऐकून ती वैतागली. शनिवारी सकाळी सगळं उतरवून तिने पत्र्याच्या पेटीत कोंबलं. रविवारच्या प्रार्थनेहून आलं की बांबू जरा वर बांधायचा आणि पाहुण्यांपुरतं पुन्हा सजवायचं, असा बेत होता.

पण रविवारी रुक्मिणीवहिनींकडे पाहुणे यायचे होते, म्हणून त्या शनिवारीच दोघी मैत्रिणींना घेऊन आल्या. घरात खुर्ची एकच. ती एकीने घेतली, दुसरी खाटेवर टेकली. वहिनी अंगाने भरदार. त्या पेटीवर बसल्या.

"खंय गो तुझो बांबू?" त्यांनी वर बघत विचारलं.

"चहा घेऊया आधी," कार्मेलिना म्हणाली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की टोप, गाळणी, कप सगळं वहिनींच्या खाली आहे. अध्यक्षांना उठा कसं म्हणायचं? ती चुलीपाशी उगाच लाकडं सारत बसली. मग काकींच्या बाजूच्या कुडाच्या भिंतीशी जाऊन हळूच म्हणाली, "काकी, माका जरा टोप आणि गाळणी देशात काय?"

"तुझी खंय गेली?" काकी चांगल्या मोठ्याने बोलल्या.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही बसल्यात ना, तेच्यात माझा सगळा सैपाकघर आसा."

वहिनी आधी पेटीकडे बघत राहिल्या, मग हसता हसता त्यांना उठवेना. दोघींनी हात देऊन उठवलं. चहा झाला आणि कपाळावरच्या टेंगळासकट सगळी हकीकत तिने सांगून टाकली.

"अगो, पोरींका पिशव्यो शिवूक शिकवतंस," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आणि तुका स्वतःक एक शिवूक सुचूक नाय?"

खरंच सुचलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिने जुन्या गोणपाटाला खिसे शिवले आणि ते दाराच्या आतल्या बाजूला टांगलं. लाकडात खिळा मारायला काकींची हरकत नव्हती. प्रत्येक खिशात एकेक वस्तू, आवाज नाही, कपाळही शाबूत.

फक्त दार उघडं असलं की गोणपाट भिंतीकडे जायचं. त्यामुळे रांधताना दार लावून घ्यावं लागे आणि बाई एकट्याच दाराआड काय चांगलंचुंगलं शिजवतात, अशी वाडीत कुजबुज सुरू झाली. कुणी विचारलंच तर कार्मेलिना सांगायची, "शिजवतंय खंय! अजून दवलीच शोधतंय." कुठला खिसा कशाचा, हे तिचं तिलाच कधी पाठ झालं नाही.